‘सुखांत पडणें’ म्हणजे काय?

जळगांव-धुळ्याकडे एखाद्या मुलीचें लग्न ठरलें, आणि मुलाचें घर पक्कें आहे, विहिरीवर बागायत आहे किंवा नोकरी कायमची आहे असें कळलें, म्हणजे शेजारपाजारच्या बायका तिच्या आईला म्हणतात, “मुलगी सुखांत पडली हो!” हें वाक्य केवळ खानदेशचें नाहीं, तें साऱ्या महाराष्ट्राचें आहे. तें म्हणणाऱ्याच्या मनांत वाईट कांहीं नसतें. तथापि सुखाविषयींची समाजाची सगळी समजूत या लहानशा वाक्यांत सांठविलेली आहे. सुख म्हणजे एक जागा आहे. ती बाहेरून पाहून ओळखतां येते. तिच्यांत माणूस एकदां पडला कीं तो तेथेंच राहतो. आणि तेथें पडण्यास त्याच्या स्वतःच्या इच्छेची फारशी गरज नसते. या चार गोष्टी कितपत खऱ्या आहेत, हें तपासून पाहण्यासारखें आहे. कारण माणसें ही समजूत केवळ बोलून दाखवीत नाहींत. तिच्यावर विसंबून मुलींचीं लग्नें जमवितात, मुलांचें शिक्षण ठरवितात, कर्ज काढतात आणि म्हाताऱ्या आईबापांची व्यवस्था लावतात.

या समजुतीविरुद्ध पहिला पुरावा खानदेशच्या घराघरांतच मिळतो. अक्षय्य तृतीयेला खानदेशांत आखाजी म्हणतात. या सणाला सासुरवाशिणी माहेरीं येतात, झाडांना झोके बांधतात, गौराईचीं गाणीं म्हणतात, आणि चुलीवरच्या खापरावर पुरणाचे मांडे भाजले जातात. ‘सुखांत पडलेली’ मुलगी आखाजीचे दिवस बोटांवर मोजते, आणि ज्या आईनें ‘मुलगी सुखांत पडली’ हे शब्द समाधानानें ऐकलेले असतात तीच आई वाटेकडे डोळे लावून बसते. सुख जर दुमजली घरांत असतें, तर तें घर सोडून धाब्याच्या दोन खोल्यांत येण्याची ही ओढ कशासाठीं? माहेरीं दागिने अधिक नसतात, जेवण रोज पुरणाचें नसतें, आणि वैशाखाचें ऊन तर दोन्हीं गांवीं सारखेंच असतें. परंतु तेथें तिला लहानपणच्या नांवानें हांक मारणारीं माणसें असतात, मनांतलें बोलावयास मैत्रिणी असतात, आणि दिवसाचे तास कोणी मोजत नसतें. शेजारी जें मोजतात तें एक असतें आणि मुलगी जें भोगते तें दुसरें असतें, एवढें या सणावरून कळून येण्यासारखें आहे.

हाच भेद अलीकडच्या अभ्यासकांनीं शास्त्रीय पद्धतीनें दाखविला आहे. माणसाच्या सुखाची विचारपूस दोन प्रकारांनीं करतां येते. पहिल्या प्रकारांत त्याला एक शिडी डोळ्यांपुढें आणावयास सांगतात. तिच्या तळाशीं शून्य, म्हणजे कल्पनेंतलें सर्वांत वाईट आयुष्य; आणि माथ्यावर दहा, म्हणजे सर्वांत चांगलें. आपण आज कोणत्या पायरीवर उभे आहों, हें त्यानें सांगावयाचें. २०१२ सालापासून निघत असलेल्या जागतिक सुख-अहवालांत देशांचे जे क्रमांक लागतात ते याच शिडीवरून. दुसऱ्या प्रकारांत शिडी नाहीं. काल दिवसभरांत किती वेळां हंसूं आलें, किती वेळ काळजींत गेला, राग आला काय, कोणाशीं बोलणें झालें, असे साधे प्रश्न विचारतात. पहिलें उत्तर आयुष्याविषयींचें मत असतें. दुसरें उत्तर आयुष्याच्या एका दिवसाचें वर्तमान असतें. हीं दोन उत्तरें पुष्कळदां एकमेकांशीं जुळत नाहींत. ‘मुलगी सुखांत पडली’ हें शिडीवरचें उत्तर आहे, आणि तेंही मुलीनें नव्हे, शेजाऱ्यांनीं दिलेलें.

सुख हें जागेंत असतें ही समजूत कशी उत्पन्न होते, याचा एक अभ्यास अमेरिकेंत १९९८ सालीं प्रसिद्ध झाला. तेथील मध्यभागांत थंडी कडक. उलट कॅलिफोर्नियाची हवा प्रसन्न. दोन्हीं भागांतील मिळून सुमारें २००० विद्यार्थ्यांना प्रश्न विचारले, तेव्हां कॅलिफोर्नियांतील माणसें अधिक सुखी असतील असें दोन्हींकडच्या विद्यार्थ्यांना वाटलें. परंतु प्रत्येकास स्वतःच्या समाधानाविषयीं विचारल्यावर दोन्हींकडचीं उत्तरें सारखींच निघालीं. तुलना करीत असतां ज्या एका गोष्टीवर दृष्टि खिळते, ती गोष्ट आयुष्य व्यापून राहील असें माणसास वाटतें. प्रत्यक्षांत दिवसाचे तास दुसऱ्याच गोष्टींनीं भरलेले असतात. भुसावळच्या उन्हाला कंटाळलेल्या तरुणास पुण्याची हवा म्हणजेच सुख वाटतें. परंतु हवा चांगली असली तरी तेथें भाड्याची खोली, गाडींतली गर्दी आणि संध्याकाळचा एकटेपणा हींही असतात. तीं कल्पनेच्या चित्रांत येत नाहींत.

आतां पैशाकडे वळावें. जळगांवला सुवर्णनगरी म्हणतात. तेव्हां या जिल्ह्याला संपत्तीचें महत्त्व कोणी शिकवावयास नको. याच जिल्ह्यांत बोरी नदीच्या काठीं वसलेल्या अमळनेरची हकीकत तर कादंबरींत शोभावी अशी आहे. २९ डिसेंबर १९४५ रोजीं महंमद हाशम प्रेमजी यांची ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी नोंदली गेली आणि अमळनेरास वनस्पति तुपाचा कारखाना उभा राहिला. गांवांतल्या अनेक कुटुंबांनीं तिचे शेअर घेतले. १९६६ सालीं संस्थापक वारले आणि २१ वर्षांचे अझीम प्रेमजी अमेरिकेंतील शिक्षण सोडून परत आले. पुढें ही तेल-तुपाची कंपनी संगणकाच्या व्यवसायांत शिरली आणि ‘विप्रो’ या नांवानें जगभर ओळखली जाऊं लागली. बोनस शेअरांनीं आणि शेअरांच्या विभागणीनें मूळचे थोडे कागद वाढत वाढत गेले, आणि ज्या घरीं ते जपून राहिले तेथें साध्या राहणीचे गृहस्थ कोट्यधीश झाले.

अशी संपत्ति माणसाला सुखी करते काय? या प्रश्नावरचा प्रसिद्ध प्रयोग १९७८ सालचा आहे. अमेरिकेंतील इलिनॉय राज्यांत सोडतीमध्यें मोठी रक्कम मिळालेल्या २२ माणसांची, त्यांच्याच भागांतील इतर २२ माणसांशीं तुलना केली. सोडत जिंकलेले लोक इतरांहून म्हणण्यासारखे अधिक सुखी आढळले नाहींत. उलट मित्राशीं गप्पा किंवा सकाळची न्याहारी असल्या नित्याच्या गोष्टींची गोडी त्यांना कमी वाटूं लागली होती. मराठींत याला ‘नव्याचे नऊ दिवस’ म्हणतात. सराफ्यांतून आणलेली पाटली पहिल्या आठवड्यांत हातावर जाणवते; वर्षानें ती हाताचाच भाग होते. मात्र एवढ्यावरून पैसा निरर्थक आहे असें ठरवूं नये. तो प्रयोग फार लहान होता. स्वीडनमधील सोडतींचा याहून पुष्कळ मोठा अभ्यास २०२० सालीं प्रसिद्ध झाला, आणि मोठी रक्कम मिळालेल्यांचें आयुष्याविषयींचें समाधान दहा वर्षांनंतरही वाढलेलेंच आहे असें त्यांत दिसलें; रोजच्या आनंदावरील परिणाम मात्र त्या मानानें बेताचा होता. पैशानें शिडीवरची पायरी चढते. दिवसाचा रंग तितका बदलत नाहीं.

शिवाय ही पायरी नेहमीं दुसऱ्याच्या पायरीकडे पाहून मोजली जाते. रिचर्ड ईस्टरलिन या अर्थशास्त्रज्ञानें १९७४ सालीं दाखविलें कीं, एकाच देशांत श्रीमंत माणसें गरिबांपेक्षां अधिक सुखी असल्याचें सांगतात. परंतु सारा देश श्रीमंत झाला म्हणून साऱ्यांचें सुख त्या प्रमाणांत वाढतेंच असें नाहीं. यावर अजून वाद चालू आहेत; पण त्यामागचें मर्म कोणत्याही गल्लींत समजण्यासारखें आहे. दोन शेजाऱ्यांनीं सारखेच शेअर घेतले. एकानें ते पेटींत ठेवले, दुसऱ्यानें मुलीच्या लग्नासाठीं विकले. विकणाऱ्याचें कांहीं गेलें नाहीं. मुलगी चांगल्या रीतीनें उजवली, गरज भागली. तरी शेजाऱ्याची पेटी उघडल्यावर तो व्यवहार त्याला जन्माचा तोटा वाटूं शकतो.

येथपर्यंत ऐकून कोणी सुखवस्तु गृहस्थ समाधानानें म्हणतील, “म्हणजे गरीबच खरा सुखी! भाकरी खातो आणि गाढ झोपतो.” ही समजूत पहिलीपेक्षांही अधिक फसवी आहे, आणि तिच्यांत म्हणणाऱ्याची सोय आहे. ज्याला ती लागू करावयाची त्याला कोणी विचारलेलें नसतें. तमिळनाडूंतील ४६४ ऊस-उत्पादक शेतकऱ्यांचा एक अभ्यास २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. त्याच शेतकऱ्यांना तोडणीपूर्वी, म्हणजे हात आंखडलेले असतांना, आणि तोडणीनंतर पैसे आल्यावर, बुद्धीचीं सारखींच कोडीं घातलीं. पैशाच्या ओढाताणींत त्यांच्या हातून अधिक चुका झाल्या. ओढाताण संपल्यावर त्यांचीच बुद्धि मोकळी चालली. माणूस तोच, डोकें तेंच. मधल्या महिन्यांत काळजीनें त्यांतली जागा अडविली होती. धुळे-जळगांवचा कोरडवाहू कापूस लावणारा शेतकरी पेरणीपासून दिवाळीच्या वेचणीपर्यंत जे महिने काढतो, ते डोळ्यांपुढें आणले म्हणजे याचा अर्थ कळतो. बियाणें उधार, खत उधार, आणि आभाळ कोणाच्याच हातांत नाहीं. अशा घरांत पैसा सुख विकत घेत नसेल, पण झोप खचित विकत घेतो.

अमेरिकेंतील आंकडेही हेंच दर्शवितात. डॅनिएल काह्नेमन आणि अँगस डीटन या दोन पंडितांनीं २०१० सालीं असें मांडलें होतें कीं, वर्षाला सुमारें ७५,००० डॉलर प्राप्तीनंतर रोजचें सुख पैशाबरोबर वाढत नाहीं. पुढें मॅथ्यू किलिंग्जवर्थ यांना वेगळें आढळलें. तेव्हां काह्नेमन व किलिंग्जवर्थ यांनीं वाद घालीत न बसतां एकत्र तपासणी केली आणि २०२३ सालीं तिचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. बहुतेकांचें सुख प्राप्तीबरोबर हळूहळू वाढतच जातें. परंतु जीं माणसें मुळांतच फार दुःखी आहेत, त्यांच्या बाबतींत एका मर्यादेपुढें पैशाचा उपाय चालत नाहीं. अभाव, भीति आणि देणें यांचें दुःख पैसा हरण करतो. मृत्यूनें आलेलें, एकटेपणानें आलेलें किंवा मनाच्या आजारानें आलेलें दुःख त्याच्या हिशेबांत बसत नाहीं.

दुसरी मोठी समजूत आरामाची. कष्ट नसले म्हणजे सुख. म्हणून ‘पाटावरचें पाणी ताटावर’ मिळणारी ती भाग्यवान. ही समजूत पारखतांना जळगांवच्या बहिणाबाई चौधरी यांचें चरित्र आठवल्यावांचून राहत नाहीं. त्या १८८० सालीं जळगांवजवळच्या आसोदें येथें जन्मल्या. तेराव्या वर्षीं लग्न झालें, आणि वयाच्या तिशींतच वैधव्य आलें. पदरीं मुलें होतीं. शाळा कधीं पाहिली नव्हती. शेतांत खपतांना आणि जात्यावर बसतां बसतां त्यांनीं आपल्या बोलींत गाणीं रचलीं. मुलगा सोपानदेव आणि नात्यांतील माणसांनीं कांहीं लिहून ठेवलीं. ३ डिसेंबर १९५१ रोजीं त्या वारल्या, आणि आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांचीं गाणीं १९५२ सालीं छापून आलीं. आज जळगांवच्या विद्यापीठाला त्यांचें नांव आहे.

या चरित्राचा अर्थ मात्र जपून लावावा. कष्टांनींच त्या सुखी झाल्या असें म्हणणें अन्यायाचें होईल. पहाटेचें दळण म्हणजे खांदे भरून आणणारें काम. गांवोगांवीं पिठाची गिरणी आली तेव्हां बायकांनीं जात्यासाठीं शोक केला नाहीं. वैधव्याचें दुःखही त्यांच्या गाण्यांत आहे, तें लपविलेलें नाहीं. परंतु त्याच गाण्यांत पेरणी आहे, पक्ष्याचें घरटें आहे, आखाजीचा झोका आहे, आणि मनाच्या चंचलपणाकडे पाहून हंसणारी एक शहाणी दृष्टि आहे. दुःख आणि आनंद हीं तराजूचीं दोन पारडीं आहेत, एक खालीं गेलें म्हणजे दुसरें वर जाणारच, असा सर्वसाधारण समज असतो. बहिणाबाईंच्या गाण्यांवरून दिसतें कीं तीं एकाच घरांत शेजारीं शेजारीं राहूं शकतात. कामें लादलेलीं होतीं, पण गाणें त्यांचें स्वतःचें होतें.

लादलेलें आणि स्वतःचें, हा भेद धुळ्याच्या एका प्रसंगानें अधिक स्पष्ट होतो. १९३२ सालीं सत्याग्रहांत शिक्षा झालेले विनोबा भावे धुळ्याच्या तुरुंगांत होते. तेथें त्यांनीं २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारीं एक, अशीं गीतेवर अठरा प्रवचनें दिलीं, आणि सहबंदी साने गुरुजींनीं तीं उतरून घेतलीं. पुढें तीं पुस्तकरूपानें निघालीं आणि भारतांतील अनेक भाषांत गेलीं. सर्वसामान्य समजुतीप्रमाणें त्या तुरुंगांत सुखाचें एकही साधन नव्हतें. तथापि दर आठवड्याला मन ज्याची वाट पाहील असें कांहीं तेथें होतें, आणि तें सोबत ऐकणारीं माणसें होतीं. मात्र हे बंदी एका ध्येयासाठीं स्वेच्छेनें तुरुंगांत गेले होते. पत्करलेल्या कष्टांचें तेज दाखवून दुसऱ्यावर कष्ट लादण्याचा अधिकार कोणालाच मिळत नाहीं. पन्नासांहून अधिक देशांतील जुन्या-नव्या पाहण्यांची तुलना २००८ सालीं प्रसिद्ध झाली. आपलें आयुष्य आपल्या निवडीनें चाललें आहे असें जेथें लोकांना अधिकाधिक वाटूं लागलें, तेथें सुखही वाढल्याचें तींत आढळलें. या दृष्टीनें ‘पडली’ हें क्रियापद विचार करण्यासारखें आहे. मुलगी सुखांत गेली, चालली, शिरली असें कोणी म्हणत नाहीं; ती पडते. पडण्यांत निवड नसते.

सुख बाहेरून ओळखतां येतें, ही उरलेली समजूत. धरणगांवीं १८९० सालीं जन्मलेले बालकवि ठोमरे मराठी मुलांना आनंदाचे कवि म्हणून ठाऊक आहेत. त्यांच्याच कवितांत गाढ उदासीनताही आहे, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांतून कळत नाहीं. ५ मे १९१८ रोजीं जळगांवजवळच्या भादली स्थानकावर आगगाडीच्या अपघातांत त्यांचा अंत झाला. वय अवघें सत्तावीस. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत शिकविणारे साने गुरुजी विद्यार्थ्यांवर आईसारखी माया करीत. त्यांच्या पुस्तकांनीं कित्येक घरांना जिव्हाळा दिला. ११ जून १९५० रोजीं त्यांनीं स्वतःच आपलें जीवन संपविलें. दुसऱ्याला आनंद देणारा माणूस स्वतः आनंदांत असेलच, असें नसतें. आणि हंसतमुख माणसाचीही विचारपूस करावी लागते, एवढा धडा तरी यांतून घ्यावा.

मग सुख कशांत आहे? एका शब्दांत उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवूं नये. तथापि कांहीं दिशा पक्क्या झाल्या आहेत. हार्वर्ड विद्यापीठानें १९३८ सालीं २६८ विद्यार्थ्यांच्या आयुष्याची नोंद ठेवण्यास आरंभ केला. पुढें बोस्टनच्या गरीब वस्तींतील ४५६ मुलांची नोंद तीस जोडली गेली. आरंभीं तींत एकही स्त्री नव्हती, हें तिचें उणें लक्षांत ठेवावें. आठ दशकांहून अधिक काळ चाललेल्या या नोंदींत असें दिसलें कीं, पन्नाशींत ज्यांचे जवळच्या माणसांशीं संबंध समाधानाचे होते, तेच ऐंशीव्या वर्षीं अधिक निरोगी व आनंदी राहिले. दुसरी दिशा दानाची. २००८ सालच्या कॅनडांतील एका प्रयोगांत सकाळीं कांहींजणांना थोडे पैसे देऊन ते स्वतःवर खर्च करावयास सांगितले, तर कांहींना दुसऱ्यासाठीं. संध्याकाळीं दुसऱ्यासाठीं खर्च करणारे अधिक आनंदी आढळले. अमळनेरला हें नवें नाहीं. तेथील गिरणीमालक श्रीमंत प्रताप शेट यांच्या औदार्यानें १९१६ सालीं तत्त्वज्ञान मंदिर उभें राहिलें. सुताच्या पैशांतून परमार्थाचा विचार करणारी संस्था निघाली. आणि त्याच गांवीं स्थापन झालेल्या कंपनीच्या अझीम प्रेमजींनीं २०१९ सालापर्यंत सुमारें १ लाख ४५ हजार कोटि रुपये किंमतीची मालमत्ता लोककार्यासाठीं वेगळी काढली.

तेव्हां घराघरांतून विचारले जाणारे प्रश्न थोडे बदलले तर पुष्कळ साधेल. स्थळ पाहतांना शेत किती, पगार किती हें अवश्य विचारावें. ओढाताणीच्या घरीं मुलगी देणें हें शहाणपण नव्हे. परंतु त्याबरोबर तिला तेथें आपल्या नांवानें कोण हांक मारील, तिचें मत कोण विचारील, आणि आखाजीशिवाय इतर दिवशींही मनांतलें बोलावयास तिला कोण मिळेल, हेंही विचारावें. आणि सर्वांआधीं हा प्रश्न तिलाच विचारावा. मुलाला मोठ्या शहरीं धाडतांना पगाराच्या आंकड्याबरोबर त्याच्या संध्याकाळींचीही चौकशी करावी. गांवीं राहिलेल्या आईबापांना पैसे आणि थंड पाण्याचें यंत्र पोंचलें म्हणजे ते ‘सुखांत आहेत’ असें समजूं नये; काल दिवसभरांत ते कोणाशीं बोलले, हें विचारावें. आणि दारांत कामाला येणाऱ्या बाईविषयीं ‘तीच खरी सुखी’ असें म्हणण्यापूर्वी तिचें देणें किती आहे याची विचारपूस करावी.

सुख बाहेरून दिसत नाहीं. तें ज्याचें त्याला विचारूनच कळतें.